विश्लेषण : गांजाचे राजकारण माजी सैनिकांनी कसे बदलले? चंद्रपूर-गडचिरोलीने त्यातून काय घ्यावे?

६ नोव्हेंबर २०१८. ऐन दिवाळीचे दिवस. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड पोलीस ठाण्याचे उपनिरीक्षक छत्रपती चिडे अवैध दारूच्या वाहनाच्या मागावर होते. तस्करांच्या त्याच वाहनाखाली चिरडले जाऊन त्यांचा मृत्यू झाला. जिल्ह्यात तेव्हा दारूबंदी लागू होती. अडीच वर्षांनी, २०२१ मध्ये ती उठली. शेजारच्या गडचिरोलीत मात्र १९९३ पासूनची बंदी आजही कायम आहे.

एकाच मृत्यूतून दोन परस्परविरोधी निष्कर्ष काढता येतात. तस्कर इतके माजले असतील तर बंदीची अंमलबजावणी अधिक कठोर हवी, हा पहिला. ज्या बंदीने असे तस्कर तयार केले ती बंदीच नको, हा दुसरा. वर्दीतल्या माणसाच्या जिवाची आण घेऊन बोलले की दोन्ही बाजू वजनदार वाटतात. अमली पदार्थांच्या धोरणात वर्दीचा हा उपयोग नवा नाही. अमेरिकेत गांजा कायदेशीर करण्याच्या वादात गेल्या दशकात माजी सैनिक निर्णायक ठरले, ते याच वजनामुळे. हे वजन कुठे उपयोगी पडते आणि कुठे फसवते, हे समजून घेणे जंगलपट्टीतील या दोन जिल्ह्यांसाठीही गरजेचे आहे.

अमेरिकेतील माजी सैनिकांची मागणी काय?

अमेरिकेच्या १९७० च्या नियंत्रित पदार्थ कायद्यात गांजा पहिल्या वर्गात टाकण्यात आला. ‘वैद्यकीय उपयोग नाही आणि गैरवापराचा धोका मोठा’ असा या वर्गाचा अर्थ. हेरॉइनही याच वर्गात आहे. पुढे राज्यांनी वेगळी वाट धरली. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने वैद्यकीय वापराला, तर २०१२ मध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी प्रौढांच्या वापरालाच मान्यता दिली. ओहायोने २०२३ मध्ये कौल दिल्यानंतर अशा राज्यांची संख्या २४ झाली. केंद्रीय कायदा मात्र तसाच राहिला.

या दोन कायद्यांच्या कात्रीत सर्वाधिक सापडले ते माजी सैनिक. इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेल्या अनेकांना जुनाट वेदना होत्या, झोप नव्हती, आघातोत्तर ताणविकार म्हणजे पीटीएसडी होता. त्यांच्यावर उपचार करणारी माजी सैनिकांची रुग्णालये केंद्र सरकारची. त्यामुळे ज्या राज्यात औषधी गांजा कायदेशीर, तिथेही या रुग्णालयांतील डॉक्टर त्याची शिफारस करू शकत नाहीत. गांजा घेतो असे सांगितल्याने उपचार वा लाभ बंद होणार नाहीत, एवढे आश्वासन सरकारी धोरणाने दिले. पण औषध म्हणून तो दिला नाही. वेदनाशामक म्हणून मिळणाऱ्या अफूजन्य गोळ्यांचे व्यसन आणि त्यातून होणारे मृत्यू याच काळात वाढत होते. ‘या गोळ्या चालतात, मग गांजावर संशोधनही का नको?’ हा सैनिकांचा प्रश्न होता.

त्यांच्या भूमिकेने राजकारण कसे बदलले?

‘अमेरिकन लिजन’ ही १९१९ मध्ये स्थापन झालेली माजी सैनिकांची मोठी आणि परंपरावादी संघटना. ध्वज, देशभक्ती, शिस्त ही तिची ओळख. या संघटनेने २०१६ मध्ये गांजा पहिल्या वर्गातून काढून संशोधनाचा मार्ग मोकळा करण्याचा ठराव केला. पुढच्या वर्षी तिने करून घेतलेल्या पाहणीत माजी सैनिकांच्या कुटुंबांपैकी सुमारे ९२ टक्क्यांनी संशोधनाला पाठिंबा दिला. तोवर गांजाची मागणी म्हटली की डोळ्यासमोर यायचे ते लांब केसांचे बंडखोर तरुण. आता समोर पदके लावलेला, लष्करी टोपी घातलेला माणूस उभा होता. त्याला ‘नशेडी’ म्हणण्याची हिंमत कोणत्याच पक्षात नव्हती. रिपब्लिकन लोकप्रतिनिधींनाही ‘आम्ही गांजाच्या नव्हे, सैनिकाच्या बाजूने आहोत’ असे सांगत भूमिका बदलता आली.

तरीही हा प्रभाव अमर्याद नव्हता. मे २०१६ मध्ये माजी सैनिकांच्या डॉक्टरांना शिफारशीची मुभा देणारी तरतूद संसदेच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झाली, पण अंतिम विधेयकातून ती वगळली गेली. केंद्रीय पातळीवरचा बदल फार उशिरा हलला. मे २०२४ मध्ये गांजा तिसऱ्या वर्गात नेण्याचा प्रस्ताव आला आणि डिसेंबर २०२५ मध्ये अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ही प्रक्रिया वेगाने पूर्ण करण्याचा आदेश काढला.

सैनिकाच्या नावाने याआधी काय झाले होते?

इथे थोडे मागे जाणे आवश्यक आहे. १९७१ मध्ये व्हिएतनाममधील अमेरिकी सैनिकांत हेरॉइनचे व्यसन पसरल्याच्या बातम्यांनी अमेरिका हादरली होती. त्याच वर्षी जूनमध्ये अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी अमली पदार्थांचा गैरवापर हा देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू असल्याचे जाहीर केले. व्यसनी सैनिक घरी परतून समाज बिघडवतील, ही भीती त्यामागे होती. म्हणजे ज्या सैनिकाच्या नावाने आज कायदा सैल करा म्हटले जाते, त्याच सैनिकाच्या नावाने तेव्हा कायदा आवळा म्हटले जात होते.

प्रत्यक्षात काय घडले? संशोधक ली रॉबिन्स यांनी परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला. व्हिएतनाममध्ये व्यसनाच्या आहारी गेलेल्यांपैकी बहुसंख्यांनी मायदेशी परतल्यावर हेरॉइन सोडले होते. युद्धभूमी सुटली, परिस्थिती बदलली आणि व्यसनही सुटले. राजकारणाने सैनिकाच्या हातातील पुडीकडे पाहिले; त्याच्याभोवतीच्या परिस्थितीकडे पाहिले नाही. या चुकीची पुनरावृत्ती टाळायची असेल तर सैनिकाच्या सांगण्याचा आदर करतानाच त्याची तपासणीही व्हायला हवी.

विज्ञान काय सांगते?

अशी तपासणी झाली आहे आणि तिचे उत्तर घोषणांना सोयीचे नाही. गांजाने पीटीएसडी कमी होतो का, हे पाहण्यासाठी अमेरिकेत माजी सैनिकांवर नियंत्रित चाचणी झाली. कोलोरॅडो राज्याने तिला निधी दिला होता. मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ७६ सहभागींमध्ये लक्षणे सगळ्याच गटांत कमी झाली. पण खरा गांजा मिळालेले गट लुटुपुटीचा गांजा मिळालेल्या गटापेक्षा लक्षणीय सरस ठरले नाहीत. चाचणी छोटी होती, त्यामुळे हा शेवटचा शब्द नव्हे. मात्र अमेरिकी लष्कर आणि माजी सैनिक विभागाची २०२३ ची उपचार मार्गदर्शिकाही पीटीएसडीसाठी गांजा वापरू नये असेच सांगते.

वेदनेबाबत चित्र वेगळे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१७ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. प्रौढांमधील जुनाट वेदना, केमोथेरपीनंतरची मळमळ आणि मल्टिपल स्क्लेरॉसिसमधील स्नायूंचा ताठरपणा यांत उपयोग होत असल्याचा भक्कम पुरावा तिला आढळला. त्याच आढाव्याने वारंवार सेवनाचा आणि स्किझोफ्रेनियासारख्या मनोविकारांचा संबंधही नोंदवला. थोडक्यात, ‘गांजा हे औषध आहे’ आणि ‘गांजा हे विष आहे’ ही दोन्ही वाक्ये अपुरी आहेत. कोणत्या आजारासाठी, किती मात्रेत आणि कोणासाठी, हे प्रश्न त्यांच्यापेक्षा महत्त्वाचे आहेत.

कॅनडाने या प्रश्नांच्या आधीच तिजोरी उघडली. तेथील सरकार २००८ पासून माजी सैनिकांच्या औषधी गांजाचा खर्च देऊ लागले. मर्यादा दिवसाला १० ग्रॅमपर्यंत गेली, खर्च झपाट्याने वाढला आणि महालेखापरीक्षकांनी ताशेरे ओढले. नोव्हेंबर २०१६ मध्ये सरकारला ही मर्यादा तीन ग्रॅमवर आणावी लागली. सहानुभूतीतून घेतलेल्या निर्णयालाही मोजमाप लागते, हा त्याचा अर्थ.

भारतात कायदा काय आहे?

भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने, म्हणजे एनडीपीएस कायद्याने, गांजाची लागवड, बाळगणे, वाहतूक, विक्री आणि सेवन हे गुन्हे आहेत. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. फुलोऱ्याविना असलेली पाने आणि बिया त्यात येत नाहीत. म्हणूनच पानांपासूनची भांग या कायद्याबाहेर राहिली आणि तिच्यावर राज्यांचे नियम चालतात. एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प’ मात्रा मानला जातो. त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २० किलोंपेक्षा अधिक म्हणजे ‘व्यापारी’ मात्रा. त्यासाठी किमान १० आणि कमाल २० वर्षांची सक्तमजुरी.

याच कायद्यात वैद्यकीय आणि वैज्ञानिक कारणांसाठी दार उघडे आहे. कलम १० नुसार राज्य सरकारे त्यासाठी लागवडीला परवानगी देऊ शकतात, तर कलम १४ औद्योगिक वापरासाठी आहे. उत्तराखंडने २०१८ मध्ये औद्योगिक लागवडीचा परवाना दिला. हिमाचल प्रदेश विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये औषधी आणि औद्योगिक लागवडीच्या बाजूने ठराव केला. जम्मूतील केंद्रीय संशोधन संस्थेत कॅनाबिसवर औषधी संशोधन सुरू आहे. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजा सर्वात कडक यादीतून वगळला, तेव्हाच्या २७ विरुद्ध २५ अशा निसटत्या मतदानात भारताचे मत वगळण्याच्या बाजूने होते.

महाराष्ट्रात ही मागणी सैनिकाने नव्हे, शेतकऱ्याने केली. ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने शेतमालाला भाव नाही म्हणून दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली. बातमी गाजली, धोरणाची चर्चा मात्र झाली नाही. कोण मागतो यावर मागणीची किंमत ठरते, याचे हे घरचे उदाहरण.

सैनिकांना सूट देण्याची आपली परंपरा काय सांगते?

भारतात माजी सैनिकांच्या संघटनांनी गांजाच्या बाजूने मोहीम उघडलेली नाही. पण नशाबंदी आणि सैनिक यांचा संबंध महाराष्ट्राला जुना आहे. तत्कालीन मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात लष्करी मेस आणि कँटीनना सवलत देण्याची तरतूद होती. फ्राम बालसारा यांनी या कायद्याला आव्हान दिले, तेव्हा ‘सामान्य नागरिकाला बंदी आणि सैनिकाला मुभा, ही समानता कशी?’ असाही प्रश्न उपस्थित झाला. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही सवलत वैध ठरवली. सैन्यदलांची जीवनपद्धती आणि शिस्त वेगळी आहे, त्यामुळे त्यांचा वेगळा वर्ग करणे वाजवी आहे, असा त्यामागचा विचार होता. त्याच निकालात मद्यार्क असलेल्या औषधांवरची आणि प्रसाधनांवरची बंदी मात्र न्यायालयाने रद्द केली. राज्यघटनेचा अनुच्छेद ४७ सुद्धा नशाबंदीचे उद्दिष्ट सांगताना औषधी उपयोगाचा अपवाद करतो.

या निकालात दोन वेगळे मार्ग दिसतात. एक, माणूस पाहून सूट देणे. दुसरा, उपयोग पाहून सूट देणे. पहिल्या मार्गाने सैनिकाची सोय झाली, पण बंदी योग्य की अयोग्य हा प्रश्न होता तिथेच राहिला. ज्याचा आवाज ऐकला जातो त्याला मुभा मिळाली की उरलेल्यांसाठी बोलणारे कोणी राहत नाही. दुसऱ्या मार्गाने मिळालेली सूट प्रत्येक रुग्णाची असते, मग तो निवृत्त सुभेदार असो की धान रोवणारी मजूर. अमेरिकी माजी सैनिकांचे मोठेपण इथे आहे. त्यांच्या प्रमुख संघटनेने केवळ आपल्यापुरती सवलत मागितली नाही, सगळ्यांसाठी संशोधनाचा मार्ग मागितला.

चंद्रपूर-गडचिरोलीत कोणाचा आवाज ऐकला गेला?

या दोन जिल्ह्यांत सैनिकांची जागा बायकांनी घेतली होती. दारूने संसार मोडलेल्या स्त्रिया ही इथल्या बंदीची नैतिक ताकद. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सहभागाने उभ्या राहिलेल्या जनआंदोलनातून १९९३ मध्ये बंदी आली. चंद्रपूरमध्ये पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गार संघटनेच्या नेतृत्वाखाली डिसेंबर २०१० मध्ये हजारो स्त्रिया चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनावर चालत गेल्या. चिमूर हा नागभीडचा शेजारी तालुका. पुढे १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. त्या पायपिटीपुढे महसुलाचा हिशेब कोणी मांडू शकले नाही.

सहा वर्षांत चर्चेचा चेहरा बदलला. अवैध दारू, त्यात ओढली गेलेली स्त्रिया-मुले, वाढते गुन्हे आणि बुडालेला महसूल ही कारणे पुढे आली. निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मार्च २०२१ मध्ये अहवाल दिला आणि २७ मे २०२१ रोजी राज्य मंत्रिमंडळाने बंदी उठवली. २०१५ मध्ये ज्या स्त्रिया निर्णयाच्या केंद्रस्थानी होत्या, त्या २०२१ मध्ये तस्करीच्या आकडेवारीतील एक ओळ झाल्या.

नागभीडचे भौगोलिक स्थान पाहिले की या बदलांची किंमत कळते. नागपूर आणि भंडाऱ्याच्या बाजूने येणारे रस्ते इथून ब्रह्मपुरीमार्गे गडचिरोलीकडे जातात. २०१५ पर्यंत मद्यविक्री सुरू असलेला हा तालुका त्यानंतर बंदीच्या वेशीवरचा झाला आणि २०२१ पासून पुन्हा कोरड्या गडचिरोलीच्या अलीकडचा ओला तालुका झाला. धोरण मुंबईत बदलते. रात्री नाक्यावर उभे राहायचे असते ते ठाण्यातल्या शिपायाला. आंध्र-ओडिशा सीमेवरून तेलंगणा, छत्तीसगडमार्गे येणाऱ्या गांजाच्या वाहतुकीवर लक्ष ठेवण्याचे कामही याच पट्ट्यातील पोलिसांकडे आहे.

जंगलपट्टीतला जवान या चर्चेत कुठे आहे?

अमेरिकी चर्चेतील सर्वात मोलाचा भाग गांजा नव्हता. ‘लढून आलो, आता झोप लागत नाही’ हे सैनिकाने उघडपणे सांगणे, हा होता. गडचिरोलीत हे सांगणारे कोण? १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यातील जांभुळखेडा येथे नक्षलवाद्यांनी घडवलेल्या भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या वाहनाचा खासगी चालक मृत्युमुखी पडले. अशा घटनांमधून वाचलेले, सहकाऱ्यांचे मृतदेह उचललेले सी-६० चे जवान, मदत केंद्रांवरचे शिपाई, केंद्रीय राखीव दलाचे जवान यांनीही युद्धच पाहिले आहे. पण कायद्याच्या भाषेत ते ‘माजी सैनिक’ नाहीत. केंद्रीय सशस्त्र दलांतून निवृत्त झालेल्यांना २०१२ मध्ये वेगळी ओळख दिली गेली, तरी माजी सैनिकांचे सर्व लाभ त्यांना मिळत नाहीत. राज्य पोलीस तर त्या व्याख्येच्याही बाहेर. आणि दोन्ही बाजूंच्या बंदुकांमध्ये सापडलेल्या गावकऱ्याला कोणतीच व्याख्या नाही.

सैन्यदलांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ पासून टेली-मानसचा विशेष कक्ष आहे. नागरिकांसाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. ही सुरुवात चांगली आहे. पण मनाची दुखापत बोलून दाखवली तर बदली, बढती किंवा शस्त्र गमावण्याची भीती असेल, तर जवान फोन उचलणार नाही. तो बाटली उचलेल. बाटली बंद असेल तर दुसरे काही.

मग करायला काय हवे?

पहिली गोष्ट, औषध आणि नशा हे दोन प्रश्न वेगळे ठेवणे. संशोधनाचा मार्ग कायद्यात आहेच. चंद्रपूर आणि गडचिरोलीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. जुनाट वेदना, कर्करोग आणि मानसिक आघात यांचे रुग्ण या जिल्ह्यांत किती आहेत आणि त्यांना आज कोणते उपचार मिळतात, एवढी पाहणी झाली तरी वादाला जमीन मिळेल. पीटीएसडीवर गांजा हा उपाय म्हणून पुढे करणे मात्र आजच्या पुराव्यांत बसत नाही.

दुसरी, व्यसनी माणसाला तस्करापासून वेगळे करणे. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीला कारवाईपासून संरक्षणाची तरतूद आहे. पण त्यासाठी उपचार केंद्र हाताशी हवे. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ने गावपातळीवर असे काम उभे केले. बंदी उठलेल्या चंद्रपूरला अशा कामाची गरज कमी नव्हे, अधिक आहे.

तिसरी, निर्णयाआधी मोजणे आणि निर्णयानंतर पुन्हा मोजणे. बंदी लावताना किंवा उठवताना किती जण पितात, किती खर्च होतो, घरात किती मार बसतो, पोलिसांचे किती बळ त्यात जाते, हे ठरावीक मुदतीने जाहीर झाले पाहिजे. तसे नसले की ज्याचा चेहरा त्या वर्षी अधिक भावतो त्याच्या बाजूने धोरण झुकते.

वर्दीतल्या माणसाचे दुःख खरे असते, म्हणून ते ऐकायलाच हवे. पण ते दुःख त्याने सुचवलेल्या, किंवा त्याच्या नावाने इतरांनी सुचवलेल्या, उपायाचा पुरावा नसते. सैनिकामुळे अमेरिकेत गांजाबद्दल बोलण्याची लाज गेली. औषधाचा निर्णय मात्र प्रयोगशाळेकडेच राहिला. चंद्रपूर आणि गडचिरोलीने यातला पहिला भाग आधी घ्यावा. नागभीडच्या नाक्यावर रात्रपाळी करणारा शिपाई, जांभुळखेड्याची आठवण घेऊन निवृत्त होणारा जवान आणि चिमूरहून चालत गेलेली बाई यांना एकाच टेबलावर बोलावून त्यांचे म्हणणे लिहून घेतले जाईल, तेव्हा बंदी असावी की नसावी याचा वाद निदान खऱ्या माणसांच्या साक्षीने होईल.